पानाबाहेर पाहणारा चेहरा

११ नोव्हेंबर

दादा सकाळी घरातून गेला, तो अजून आलेला नाही. पायांत घरातल्या सपाता. अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. चष्मा टेबलावरच.

आम्ही दोघं भांडत होतो. मी आणि चिरंजीव — म्हणजे दादाचा मुलगा, पेशानं छायाचित्रकार, स्वतःच्या मते कलावंत. विषय रोजचाच. फोटो ही नोंद की कला? मी म्हणत होतो, कॅमेरा हा नक्कलनवीस. समोर असेल ते बरहुकूम उतरवावं आणि गप्प बसावं. तो म्हणत होता, "काका, बातमीतलं पहिलं वाक्य कुठलं घ्यायचं ते तुम्हीच ठरवता ना? मग चौकटीत काय घ्यायचं ते मी ठरवलं तर ती लबाडी?" मुद्दा बरा होता, म्हणून मी आवाज चढवला.

दाराला एक कडी वर बसवून घेतली आहे, दादाचा हात तिकडे जात नाही म्हणून. दूधवाला येऊन गेल्यावर ती लावायची पाळी माझी. त्या घटकेला मी कलेची व्याख्या करत होतो!

वहिनी आंघोळ करून बाहेर आल्या. "हे कुठायत?"

आम्ही दोघांनीही खुर्चीकडे बोट दाखवलं. खुर्ची रिकामी.

दादानं जन्मभर शाळेत भूमिती शिकवली. दोन वर्षांपासून आठवण गळते आहे. प्रमेयं सिद्धतेसकट पाठ, पण आपण जेवलो का ते विचारावं लागतं. गल्लीच्या टोकापर्यंत एकटा जाऊ शकतो. परत येऊ शकत नाही.

संध्याकाळी पोलीस चौकीत. हवालदार भला माणूस. "वर्ण?" गव्हाळ. "बांधा?" मध्यम. "काही खूण?" डाव्या गालावर चामखीळ, चांगली हरभऱ्याएवढी. "स्वभाव—" मी सांगायला लागलो तर म्हणाला, "साहेब, त्याला रकाना नाही."

मग म्हणाला, "फोटो द्या एक. समोरून. दोन्ही कान दिसले पाहिजेत."

"एक काय मागता? शेकड्यांनी आहेत," मी म्हटलं. जरा ऐटीतच.

१२ नोव्हेंबर

एकही नाही!

दोन वर्षं चिरंजीव बापाचे फोटो काढतो आहे. प्रदर्शन झालं, बक्षीस मिळालं, माझ्याच पेपरात परीक्षण आलं. आज सगळे जमिनीवर पसरून बसलो. दादाची पाठ. दादाची सावली. दादाचे हात, त्यांत खडू. मानेवरच्या सुरकुत्या — इतक्या जवळून की कोरड्या नदीचं पात्र वाटावं. वाळत घातलेला सदरा, आत दादा नाही. खिडकीत उभा दादा, प्रकाश मागून, चेहऱ्याच्या जागी काळोख. एक कान.

हवालदारानं एकेक उचलून पाहिला. "ह्यात माणूस कुठंय?"

"हा हात त्यांचाच आहे," चिरंजीव म्हणाला.

"मग काय, गावाला हात पुढे करायला सांगू?"

मी हसलो नाही. वहिनी मात्र हसल्या — आणि हसता हसता आत निघून गेल्या.

ओळखपत्रावरचा फोटो आहे, स्टुडिओतला. त्यात चामखीळच नाही. स्टुडिओवाल्यानं सौजन्य म्हणून पुसून टाकली होती; गालही तुकतुकीत करून दिले. जावई म्हणून दाखवायला न्यावा असा दिसतो. म्हणजे माझा नक्कलनवीसही पोचलेलाच निघाला. हे चिरंजीवाला बोलून दाखवलं नाही. सगळंच काही बोलायचं नसतं.

संध्याकाळी त्याच्या खोलीतून हाक. "काका!" संगणकावर दादा. हातात चहाचा कप, आमच्याकडे पाहतोय, मान किंचित वळलेली. डावा गाल, चामखीळ, दीड कान. प्रकाश मोजायला म्हणून घेतलेला फोटो. पुसायचा राहून गेलेला.

"ह्यात काही नाही म्हणून बाजूला टाकला होता," तो म्हणाला.

"ह्यात तुझा बाप आहे," मी म्हणालो. तो मुकाट्यानं फाइल पाठवायला लागला. एरवी मला केवढं समाधान वाटलं असतं!

१३ नोव्हेंबर

निवेदन लिहिलं. इतकी वर्षं बातमीदारी केली, पण आठ ओळींनी असा घाम फोडला नव्हता. 'मध्यम बांधा, गव्हाळ वर्ण' — वाचून पाहिलं तर गावातले निम्मे पुरुष हरवलेत असं वाटलं. शेवटी चामखिळीवर सगळी भिस्त. 'डाव्या गालावर ठळक चामखीळ.'

पाठशाळेत शिकलो होतो — उपमान. ज्यानं गवा पाहिलेला नाही त्याला सांगायचं, गाईसारखा असतो. मग तो रानात जातो, गाईसारखं काही दिसतं, आणि त्याला कळतं — हाच तो. शास्त्री विचारायचे, "आणि नाही कळलं तर?" आम्ही म्हणायचो, "तर तो गवा नव्हे." शास्त्री म्हणायचे, "किंवा सांगणारा गाढव." वर्ग हसायचा.

रात्री गारठा वाढतो आहे. बिनबाह्यांचा स्वेटर.

१४ नोव्हेंबर

आज छापून आलं. डावीकडच्या कडेच्या रकान्यात, वर फोटो, खाली माझा मजकूर. संपादकांनी नेहमीपेक्षा मोठी जागा दिली. अंक उघडून वहिनींपुढे ठेवला.

बराच वेळ पाहत राहिल्या. "हे काहीतरी निराळेच दिसताहेत, भावोजी."

"शाईचा परिणाम," मी म्हटलं. "वर्तमानपत्राचा कागद तो."

चिरंजीवानं अंक हातात घेतला नाही. पेपरातली छपाई म्हणजे माणसाला डांबरात बुडवून काढणं, असं त्याचं जुनं मत. कात्रण मी पाकिटात ठेवलं. तेच लोकांना दाखवत फिरतो आहे. दवाखाने, बसथांबे, बागेतले बाक.

१५ नोव्हेंबर

फोन! फोनवर फोन!

एकानं सांगितलं, दादासारखा माणूस पुलाखाली दिसला. धावलो. तिथे गवंडी, वय पस्तिशीच्या आत. दुसरा म्हणाला, अगदी हुबेहूब आहे, फक्त उंच आहे आणि टक्कल आहे. एका बाईंनी फोटो फार आवडला म्हणून कळवलं. सापडले की पुन्हा फोन करणार आहेत.

लोक वाईट नसतात. पण माझा मजकूर कुणी वाचत नाही. चित्र पाहतात आणि निघतात. शब्द हे प्रमाण, असं आम्ही घोकलं होतं. प्रत्यक्षापुढे शब्दाला कोण विचारतो?

१६ नोव्हेंबर

काही नाही.

१७ नोव्हेंबर

आज चिरंजीवाशी पुन्हा झालं. त्याला ती पाठमोरी प्रत छापायची आहे. म्हणतो, "बाबांना मागून ओळखणं सोपं आहे. ते हात मागे बांधून चालतात, डावा खांदा उतरलेला. चेहरा काय, दाढी वाढली की बदलतो." मी म्हणालो, "पाठ छापून आणली तर पेपरला लोक जोडे मारतील." तो म्हणाला, "तुम्हाला अजून जिंकायचंच आहे ना, काका?"

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "तुमच्या ह्याच भांडणात माझा नवरा हरवला. आता तो सापडेपर्यंत तरी तोंड मिटा. दोघंही."

मिटलं.

प्रदर्शनाचा दिवस आठवतो आहे. दादाला नवे कपडे घालून नेला होता. तो त्या पाठीच्या फोटोपुढे थांबला, नीट न्याहाळला, आणि मला म्हणाला, "कोण रे हे गृहस्थ?" जमलेले लोक गलबलले. एका बाईंनी डोळे पुसले. डॉक्टरांनाही आम्ही ते सांगितलं, त्यांनी मान डोलावली — स्वतःची ओळख जात चालली आहे. सगळ्यांना पटलं.

आज विचार करतो, स्वतःची पाठ कुणी कधी पाहिली आहे? मला माझी दाखवली तर मी तरी काय म्हणेन? हेच. कोण रे हे गृहस्थ.

१८ नोव्हेंबर

वहिनींनी दादाचा चष्मा पुसून पुन्हा टेबलावर ठेवला. रोज पुसतात.

१९ नोव्हेंबर

बराच उशीर झालाय. तरी लिहितो.

सकाळी हवालदाराचा फोन. नदीकाठी एक बेवारस. "आधी फोटो बघा, मग लागलं तर आत जाऊ." वहिनींना सांगितलं नाही. चिरंजीवाला घेऊन गेलो. शवागाराबाहेरचा बाक, फिनेलचा वास, हवालदारानं आपला मोबाइल पुढे धरला.

धुतलेला चेहरा. मिटलेले डोळे. वाढलेली पांढरी दाढी. समोरून, दोन्ही कान. इतका स्वच्छ, इतका बरहुकूम फोटो मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता — आणि हा माझा भाऊ आहे की नाही ते मला सांगता येईना! जन्मापासून पाहिलेला चेहरा. नाक तसंच वाटलं. कपाळ तसंच. मग वाटलं, मेल्यावर सगळेच म्हातारे एका आईचे दिसतात.

पाकिटातलं कात्रण काढलं. ताडून पाहायला लागलो. "उजवा गाल मोठा करून दाखवा," मी म्हटलं. हवालदारानं बोटांनी मोठा केला. गाल साफ. "नाही हो, हा नाही. चामखीळ नाही—"

"काका." चिरंजीवाचा आवाज चमत्कारिक झाला होता. "उजव्या गालावर काय बघताय? डाव्या!"

"हे काय," मी कात्रण दाखवलं, "उजव्या."

त्यानं ते माझ्या हातातून ओढून घेतलं. पेपरात छापलेला तो फोटो तो पहिल्यांदाच पाहत होता. "हा उलटा आहे."

"म्हणजे?"

"उलटा छापलाय! डाव्याचं उजवं झालंय! कुणी केलं हे?"

मोबाइलमधला डावा गालही पाहिला. तोही साफ. तो दादा नव्हता. कुणाचा तरी असणार. त्याच्यासाठी आमच्यापाशी त्या क्षणी काहीच उरलं नव्हतं.

मी स्वतः 'डाव्या गालावर' असं लिहिलं. रोज शंभर लोकांना ते कात्रण दाखवलं. आणि शवागाराच्या दारात सख्ख्या भावाचा उजवा गाल मागितला. सहा दिवसांच्या छापील फोटोनं माझी साठ वर्षांची आठवण पुसली. विस्मरणाचा रोग नेमका कुणाला आहे?

तिथून तडक कचेरीत. पान लावणारा जागेवर होता. मला तो गुरुजी म्हणतो, संस्कृतामुळे.

"फोटो फिरवलास?"

"फिरवला." लपवलं नाही काही. "डावीकडचा रकाना गुरुजी, आणि ते डावीकडे बघत होते. पानाबाहेर बघत होते! चेहरा पानात बघणारा पाहिजे, नाहीतर वाचकाची नजर बाहेर जाते. रोजच फिरवतो. आपल्याकडची रीतच आहे ना?"

आहे. सगळ्या कचेरीला ठाऊक आहे. मंत्री फिरवतो, नट फिरवतो, वर्षानुवर्षं फिरवतो आहोत. कधी कुणाचं काही अडलं नाही.

"खाली मजकुरात डाव्या गालावर लिहिलं होतं रे."

"मजकूर मी वाचत नाही, गुरुजी. मी मापतो."

मग त्याच्या लक्षात आलं. बिचाऱ्याचा चेहरा पाहवेना. त्याच्यावर ओरडायला म्हणून गेलो होतो. त्याच्याच खुर्चीत बसून पाणी प्यालो.

कचेरीचं दार सोडताना चिरंजीव एवढंच म्हणाला, "तुमची नोंद, काका." चिडून नाही. थकून. मी म्हणालो, "चौकटीत शोभावी म्हणून फिरवलेली. मग ती तुझी कला." आम्ही दोघंही हरलो होतो आणि जिंकलेला कुणी दिसत नव्हता.

२० नोव्हेंबर

फोटो सुलटा करून पहिल्या पानावर. संपादकांनी एका शब्दानं विचारलं नाही. शेजारी चिरंजीवाची पाठमोरी प्रतही छापून घेतली. मीच म्हटलं, छापा. दादा पानाबाहेर बघतोय.

वहिनी म्हणाल्या, "हां. हे आता हे आहेत."

२१ नोव्हेंबर

दुपारी फोन. इथून तीन तासांवरच्या गावात लॉज चालवणाऱ्या बाई.

"अहो, हे होते माझ्याकडे! चौदा तारखेच्या रात्री. मालाच्या गाडीवाल्यानं स्टँडवर सोडलं होतं म्हणे. थंडीनं कुडकुडत होते, म्हणून खोली उघडून दिली. जेवले, झोपले. सकाळी तुमचा पेपर आला आदल्या दिवशीचा, आमच्याकडे एक दिवस उशिरा येतो. मला शंका आली. शेजारी धरून पाहिला, बघा. ह्यांची चामखीळ डावीकडे. फोटोतल्याची उजवीकडे. म्हटलं, दुसरेच कुणीतरी."

"खाली डावीकडे लिहिलं होतं, बाई."

"वाचलं ना! म्हटलं, छापताना चूक होते कधी. फोटो कसा चुकेल?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग?"

"मग चहा घेतला आणि निघाले. मी विचारलं, कुठं जाणार बाबा? म्हणाले, शाळेत." त्या रडायला लागल्या. "मी अडवायला हवं होतं हो."

मी त्यांचं समाधान करत बसलो. त्या माझं करत होत्या. त्यांना आणखी काहीतरी सांगायचं आहे असं वाटलं, पण त्यांनी फोन ठेवला.

चिरंजीव गाडी काढतो आहे. वहिनी पुढच्या सीटवर जाऊन बसल्यासुद्धा, मांडीवर बाह्यांचा स्वेटर आणि चष्मा.

२२ नोव्हेंबर

त्या गावात. शाळा चार. चारही पाहिल्या. एका शिपायाला सुलटा चेहरा दाखवला — नाही म्हणाला. चिरंजीवानं पाठमोरा फोटो दाखवला. "हे? हे फाटकाशी उभे असायचे की! आत घेतलं नाही आम्ही. दाढी होती. चेहऱ्याचं नाही सांगता येत, पण हात असेच मागे बांधलेले." कालपरवापासून दिसले नाहीत.

चिरंजीवानं माझ्याकडे पाहिलंही नाही. त्याची उदारता.

२३ नोव्हेंबर

सापडला! सरकारी रुग्णालयात, कोपऱ्यातल्या खाटेवर, 'अनोळखी' अशी पट्टी. छातीत कफ, ताप, तळपायांना फोड. जिवंत. जिवंत!

वहिनींनी आधी चष्मा लावला त्याच्या डोळ्यांना. त्यानं आम्हा सगळ्यांकडे सभ्यपणे पाहिलं. वहिनींना म्हणाला, "आपण उगाच त्रास घेतलात."

२७ नोव्हेंबर

दादा घरी. ताप उतरतोय. बोलत नाही. मला एकदा 'सर' म्हणाला. दार वाजलं की भिंतीकडे तोंड करतो.

डॉक्टर म्हणाले, आता स्वतःची ओळख उरली आहे असं समजू नका. तेवढं एक बरं माना — आपण हरवलोय हे त्यांना कळलंच नसणार. आपल्याला जो त्रास झाला तो त्यांना नाही झाला. वहिनींनी ते वाक्य धरून ठेवलं आहे. येईल त्याला सांगतात, "त्यांना काही कळत नव्हतं, हेच बरं." सांगताना त्यांचा चेहरा जरा सैल होतो. काल त्या जेवल्यासुद्धा.

मीही तेच धरून बसलो आहे.

२ डिसेंबर

लॉजवाल्या बाईंचा फोन. "एक राहिलं सांगायचं. त्या दिवशी जीभ रेटली नाही. तो पेपर मी बाबांच्या हातात दिला होता. त्यांनी फोटो बघितला आणि म्हणाले, 'हा मीच आहे. मला घरी पोचवा.' मी म्हटलं, नाही हो बाबा, तुमची खूण ह्या गालावर, ह्याची त्या गालावर. ते आरशापाशी गेले, पेपर आरशाच्या शेजारी धरला, म्हणाले, 'बघा, मीच.' आम्ही सगळे हसलो."

उलटा फोटो. आरशात माणूस स्वतःला तसाच पाहतो.

दादाच्या खोलीत गेलो. वहिनी तिथे नव्हत्या. त्याच्या खाटेशी बसलो आणि म्हटलं, "दादा, पेपरातला तो तूच होतास."

तो भिंतीकडून वळला. वर्गात मंद पोराकडे पाहावं तसा माझ्याकडे पाहिला.

"मग मी काय सांगत होतो!"